आधी वापसा बघा, मग पाइप उचला

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं गुलाबाच्या पाण्याबद्दलची आहेत. त्यातही कलमी मोठ्या फुलांच्या गुलाबापेक्षा आपल्या गावठी झुडपी गुलाबाबद्दल जास्त, तेच गुलकंदाचं, हाराचं, वासाचं झुडूप. हे वाचून मला खरंच बरं वाटलं. म्हणून यावेळी खत, कीड, कलम सगळं बाजूला ठेवून फक्त पाण्यावरच बोलूया.

प्रश्न : बार्शीला आमच्या घरासमोर काळ्या मातीत गावठी गुलाबाची दोन झुडपं आहेत, सहा-सात वर्षांची. मी रोज सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी घालते, एक दिवस चुकवत नाही, तरी खालची पानं पिवळी पडून गळतात, नवीन पानंही फिकट येतात आणि फुलं आधीपेक्षा लहान झालीत. शेजारच्या काकू म्हणतात पाणी कमी पडतंय. वर्षभरात कुठल्या महिन्यात किती पाणी घालायचं ते एकदा नीट सांगा ना.

ताई, पाणी कमी पडत नाहीये, जास्त होतंय. तुम्ही इतकी माया करताय त्या झाडावर की ते रोज नाकातोंडात पाणी जाऊन बसलंय. काळी माती एकदा भिजली की आठवडाभर ओल धरून ठेवते आणि तुम्ही तिला दिवसातून दोनदा भिजवताय, म्हणजे मुळांना हवा मिळायला वेळच नाही. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, तो मिळाला नाही की बारीक पांढरी मुळं आधी मरतात आणि झाडाचं खाणंपिणं सगळं त्या बारीक मुळांवरच असतं. मग खाली पाणी असून झाड वरून तहानलेलं दिसतं, आपण अजून पाणी घालतो, आणि अजून बिघडतं. नवीन पानं फिकट पण शिरा हिरव्या अशा दिसत असतील तर तेही त्याचंच, आपल्या भागातली माती चुनखडीची, त्यात लोह असतं पण झाडाला घेता येत नाही आणि माती सतत चिखल असली की अजूनच घेता येत नाही.

आता एक काम करा, उद्या सकाळी पाणी न घालता खुरपं घ्या आणि खोडापासून हातभर लांब एक वीतभर खोल खणा, तिथली मूठभर माती काढून घट्ट दाबा. गोळा झाला आणि हाताला चिखल लागला तर माती ओली आहे, पाणी नको. गोळाच होत नाही, भुगा पडतो तर कोरडी, पाणी हवं. आणि गोळा होतोय, हात स्वच्छ राहतोय, कमरेएवढ्या उंचीवरून तो गोळा खाली सोडला की फुटून मोकळा होतोय, तो वापसा. शेतकऱ्याला हा शब्द सांगावा लागत नाही, तो वापसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. पण आपण घरच्या बागेत हे पूर्ण विसरलोय आणि सकाळचा चहा तसं सकाळचं पाणी असं करून टाकलंय. मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे ती अवस्था म्हणजे वापसा, गुलाबाची मुळं तेव्हाच जोमाने चालतात. पुढचं पाणी वापसा संपत आला की, त्याच्या आधी नाही.

वर्षाचं विचारलंत तर उन्हाळ्यापासून सुरू करते. तुमच्या झुडपाभोवती तीन फूट रुंदीचं गोल आळं करा, खोडाजवळ मातीची भर लावून ठेवा म्हणजे पाणी खोडाला टेकणार नाही, बाहेरून बांगडीसारखा चर राहील. आंब्याला, डाळिंबाला आपले लोक करतात तीच बांगडी पद्धत. पाणी पिणारी मुळं खोडाला चिकटून नसतात, ती फांद्यांच्या टोकांच्या खाली पसरलेली असतात, तिथे पाणी जायला पाहिजे. एवढ्या आळ्यात 16 लिटरची एक मोठी बादली ओतली की साधारण 25 मिलिमीटर म्हणजे एक इंच पाऊस पडल्यासारखं होतं. ऐकायला खूप वाटतं पण काळ्या मातीत एक इंच पाणी जेमतेम चार-पाच इंच खोल जातं, रेताड मातीत तेच फूटभर जातं. म्हणून एप्रिल-मे मध्ये दोन बादल्या द्या, एक ओता, अर्ध्या तासाने दुसरी, आणि मग पाच-सहा दिवस झाडाकडे पाइप नेऊ नका. भर मे महिन्यात एवढं झुडूप आणि त्याखालची माती मिळून दिवसाला पाच-सहा लिटर पाणी उडून जातं, म्हणजे हिशेब बरोबर बसतो. ज्यांच्याकडे मुरमाड किंवा कोकणातली लाल माती आहे त्यांनी एकच बादली पण दोन-तीन दिवसांनी, कारण तिथे दोन बादल्या एकदम ओतल्या तर अर्धं पाणी मुळांच्या खाली निघून जातं.

आणि काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर आधी पाणी नाही, आधी खुरपणी. भेग बोटभर रुंद झाली की तिच्यात पाणी नळातून गेल्यासारखं सरळ खाली जातं, बाजूची माती कोरडीच राहते, शिवाय भेग पडताना बारीक मुळं तुटतात. मी हे स्वतः पाहिलंय, एका मे महिन्यात आळं भरून पाणी दिलं आणि पाच मिनिटांत गायब, मला वाटलं झाड किती तहानलेलं होतं, दुसऱ्या दिवशी खणून बघते तर चार बोटांवरची माती खडखडीत. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जुनी माणसं म्हणतात ते याचसाठी, वरचा थर मोकळा केला की भेगाही बुजतात आणि खालची ओल उडत नाही. त्यावर उसाचं पाचट, वाळलेला पालापाचोळा, काहीही तीन-चार इंच पसरून द्या, फक्त खोडापासून चार बोटं लांब.

दुपारी दोन वाजता पानं मलूल दिसली तर घाबरून पाणी घालायला धावू नका. मे मधल्या उन्हात चांगलं पाणी प्यायलेलं झाडही दुपारी मान टाकतं, मुळं ओढतात त्यापेक्षा पानांतून जास्त जातं म्हणून. खरी तपासणी सकाळी उजाडताना. रात्रभराने पानं ताठ झाली असतील तर सगळं ठीक, सकाळीसुद्धा मलूल असतील तर माती बघा.

पावसाळ्यात उलटं. मृगाचा पाऊस सुरू झाला की आळं उताराच्या बाजूने फोडून टाका, पाणी अडलं नाही पाहिजे. दोन दिवस आळ्यात पाणी साचून राहिलं तर तेवढ्यात बारीक मुळं जातात, आणि त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, महिन्याभराने फांद्या शेंड्यापासून काळ्या पडत खाली यायला लागतात आणि आपण तेव्हा औषध शोधत बसतो. पण बार्शीकडे पाऊस काही सलग नसतो, जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-पंधरा दिवस उघडीप पडते आणि आपल्या डोक्यात असतं की पावसाळा आहे, पाणी कशाला. तेव्हा मूठ दाबून बघायचं, भुगा पडला तर श्रावणातसुद्धा पाणी द्यायचं. पावसाळ्यातली दुसरी गोष्ट म्हणजे पानांवरचे काळे ठिपके. ही बुरशी पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की आत शिरते, पावसाचं आपल्या हातात नाही पण जमिनीवरून उडणारे शिंतोडे आपल्या हातात आहेत. खालची वीतभर पानं काढून टाका, गळलेली पानं रोज वेचा, आणि आच्छादन पावसाळ्यात पातळ करा.

हस्ताचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये छाटणी. आपल्याकडे छाटणीआधी ताण द्यायची पद्धत आहे, पाणी तोडायचं, मुळं उघडी करून आठ-दहा दिवस ऊन दाखवायचं. भारी काळ्या जमिनीत पाणी तोडणं मला पटतं, आठवडाभर पाणी बंद ठेवा, झाड थोडं थांबतं आणि छाटल्यावर सगळ्या डोळ्यांतून, म्हणजे फांदीवर जिथून नवा फुटवा येतो त्या गाठींतून, एकदम फुटतं. मुळं उघडी करायला मात्र मी घरच्या बागेत सांगणार नाही, ऑक्टोबरच्या उन्हात हलक्या जमिनीतल्या झाडाचं त्यात नुकसानच जास्त होतं. आणि आता जी चूक सगळ्यात जास्त होते ती सांगते, छाटणी झाली, शेणखत घातलं, आणि मग लोक भरपूर पाणी घालत सुटतात. अहो झाडावर पानंच नाहीयेत, ते पाणी पिणार कशाने? छाटणीनंतर एकदा आळं भरून पाणी द्या आणि मग थांबा, लालसर कोवळे फुटवे बोटभर झाले की दुसरं, पानं उलगडून हिरवी झाली की मग नेहमीचं. साधारण 45 दिवसांनी फुलं येतात, त्या कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नका, फुलं लहान राहतात ती तिथेच.

हिवाळ्यात दोन बादल्या दहा-बारा दिवसांनी पुरतात. पाणी सकाळी ऊन आल्यावर. बस एवढंच, हिवाळा गुलाबासाठी सोपा आहे.

अजून एक, तुमचं झुडूप किती दमाचं आहे ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. आपल्याकडे गावठी म्हणून जी फिकट गुलाबी, पातळ पाकळ्यांची, वासाची झुडपं आहेत त्यातली बरीचशी एडवर्ड गुलाबाची, बूरबाँ गटातली. बूरबाँ म्हणजे हिंदी महासागरातलं आत्ताचं रीयुनियन बेट. चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब यांच्या संकरातला हा गट, चिनीकडून पुन्हा पुन्हा फुलायची सवय आली आणि दमास्ककडून तो वास. काटक इतका की याच्याच मुळांच्या खुंटावर नाजूक गुलाबांचे डोळे बसवून नर्सरीवाले ते गुलाब वाढवतात. काडी लावून आलेलं झाड स्वतःच्या मुळांवर उभं असतं, सात वर्षांत ती मुळं खोल गेलेली आहेत, त्याला रोज घोटघोट पाण्याची गरज नाही. घोटघोट दिलं की मुळं वरच राहतात आणि मग ते झाड खरंच रोजच्या पाण्याचं मिंधं होतं. तुम्ही आता पाणी पूर्णच तोडू मात्र नका, वापसा येईपर्यंत थांबा, मग हळूहळू अंतर वाढवत न्या. दोन महिन्यांनी कसं आहे ते मला जरूर कळवा.

प्रश्न : ठाण्यात नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत 12 इंची प्लास्टिकच्या कुंडीत गावठी गुलाब आहे, मिश्रणात कोकोपीट आहे. वरून माती कोरडी दिसते म्हणून रोज पाणी घालतो, तरी झाड खुश नाही. काय चुकतंय?

दादा, कोकोपीट वरून फसवतं. वरचा अर्धा इंच वाऱ्याने वाळून विटकरी होतो आणि खाली बोट घातलं की पाणी निथळतं. तुम्ही बोट दोन पेरं आत घालून बघा, किंवा त्याहून सोपं म्हणजे कुंडी एका बाजूने उचलून बघा, आठवडाभर रोज उचललीत की हातालाच कळायला लागतं, ओली कुंडी आणि कोरडी कुंडी यांच्या वजनात खूप फरक असतो. हलकी लागली तरच पाणी, आणि दिलं की खालच्या भोकांतून वाहून बाहेर येईपर्यंत द्या, अर्धा तांब्या नको. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी दहा मिनिटांनी ओतून टाका.

मे महिन्यात नवव्या मजल्यावरच्या वाऱ्यात मात्र रोज पाणी लागेलच, कधी दोनदा. कुंडीला जमिनीसारखी खोल ओल नसते, तिथे माझं पाच-सहा दिवसांचं गणित लावू नका. आणि कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घेतच नाही, बाजूच्या फटीतून सरळ खाली येतं, आपल्याला वाटतं कुंडी भिजली. असं झालं तर कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि निथळू द्या. बाल्कनीत काळं प्लास्टिक तापतं, दुपारच्या उन्हात मुळं भाजतात, कुंडीला बाहेरून पोत्याचा तुकडा गुंडाळला तरी फरक पडतो. जमलं तर येत्या पावसाळ्यानंतर मातीच्या 14 इंची कुंडीत हलवा.

प्रश्न : घरात आरओ आहे, त्याचं वाया जाणारं पाणी गुलाबाला चालेल का? आणि बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवलाय तो? एसीचं पाणी?

आरओचं फेकायचं पाणी नको, तुमच्या पाण्यातले सगळे क्षार त्यात गोळा होऊन आलेले असतात. लादी पुसायला वापरा. सॉफ्टनरचं तर अजिबात नको, त्यात पाण्यातला चुना काढून मीठातलं सोडियम घातलेलं असतं आणि काळी माती सोडियमने अशी घट्ट बसते की पाणी झिरपतच नाही. बाहेरचा एक नळ सॉफ्टनरच्या आधी काढून घ्या, प्लंबरचं तासाभराचं काम आहे. एसीचं पाणी खुशाल घाला, हवेतली वाफच ती, क्षार नसतात जवळपास. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पानांच्या कडा करपतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, तो दिसला की पावसाच्या पाण्याने किंवा नगरपालिकेच्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा भरपूर धुऊन निघू द्या.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हातावर घेऊन बघा आणि मगच झाडाला द्या, चटका बसतो इतकं गरम असतं.

प्रश्न : आम्ही कॅनडात कॅलगरीला राहतो. गेल्या वर्षी हान्सा नावाचा झुडपी गुलाब लावला, आईच्या अंगणातल्या गुलाबासारखा वास येतो म्हणून. पहिल्या हिवाळ्यात बऱ्याच फांद्या वाळल्या. इथे सहा महिने बर्फ, तर पाण्याचं काय करायचं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वासासाठी झाड लावणारं माणूस भेटलं की फार छान वाटतं. तुमचा हान्सा हा रुगोसा जातीतला, 1905 चा, रुगोसा मूळचा जपान, कोरिया, सैबेरियाच्या समुद्रकाठच्या वाळूतला, थंडीने तो सहसा मरत नाही. फांद्या वाळल्या त्या बहुतेक थंडीपेक्षा कोरड्या वाऱ्याने. तुमच्याकडे हिवाळ्यात मधूनच तो गरम कोरडा चिनूक वारा सुटतो, बर्फ वितळतं, फांद्यांमधलं पाणी उडतं, आणि खाली जमीन गोठलेली असल्यामुळे मुळांना नवीन पाणी ओढता येत नाही. म्हणजे इकडे मे महिन्यात जे दुपारी होतं ते तुमच्याकडे जानेवारीत होतं, फक्त रात्री भरून निघत नाही.

म्हणून तुमचं सगळ्यात महत्त्वाचं पाणी शरद ऋतूतलं. ऑगस्टपासून खत बंद, सप्टेंबरमध्ये पाणी थोडं कमी करा म्हणजे फांद्या पिकतात, टणक होतात, आणि पानं गळून गेल्यावर पण जमीन गोठायच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, एकदा खोल पाणी द्या, पाइप अगदी बारीक सोडून तास-दीड तास. ओली जमीन कोरड्या जमिनीइतकी पटकन थंड होत नाही. त्यावर लाकडाच्या चिपांचं आच्छादन, आणि रस्त्यावरचं स्वच्छ बर्फ फावड्याने काढताना ते झुडपाच्या बुंध्याशी टाका, त्यासारखी गोधडी नाही. तुमच्याकडे वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून सुमारे 420 मिलिमीटर, पुण्यापेक्षाही बराच कमी, त्यामुळे पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पोटभर पाणी लागेल, तिसऱ्या वर्षापासून लांबलेल्या उघडिपीतच. वाळलेल्या फांद्या मे मध्ये नखाने खरवडून बघा, साल निघाली आणि आत हिरवं दिसलं तर राहू द्या, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत कापत खाली या. बुंध्यातून नवीन फुटेल बघा. आणि नवीन पानं फिकट, शिरा हिरव्या दिसल्या तर वर बार्शीच्या ताईंना लिहिलंय ते वाचा, तुमच्याकडची मातीही अल्कधर्मी आणि रुगोसाला ती फारशी मानवत नाही, तिथे जास्त पाणी घालून ते बरं होत नाही.

प्रश्न : मे मध्ये दहा दिवस गावाला जाणार आहोत, सांगलीला घरी कोणी नाही, अंगणातल्या गुलाबाला काय करावं?

जुनं झाड असेल तर निघायच्या आदल्या संध्याकाळी खुरपून, दोन बादल्या पाणी देऊन, जाड पाचट टाकून जा, काळ्या मातीत ते दहा दिवस काढतं, फार तर थोडी पानं टाकेल. दोन वर्षांच्या आतलं असेल तर मडकं पुरा. कुंभाराकडचं साधं कच्च्या रंगाचं, पाच-सहा लिटरचं, चकाकी दिलेलं नको कारण ते पाझरत नाही. खोडापासून थोड्या अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं आणि काठोकाठ भरायचं, भोक पाडायची गरज नाही, आजूबाजूची माती वाळेल तसतसं ते आपणहून पाझरतं आणि ओलीत हळू होतं. हे जायच्या आठ दिवस आधी पुरा म्हणजे किती दिवसांत रिकामं होतं ते तुम्हाला बघता येईल, चार दिवसांतच संपत असेल तर झाडाच्या दुसऱ्या बाजूला अजून एक पुरा. तोंडावर पणती किंवा फरशीचा तुकडा घट्ट बसवून जा, नाहीतर परत येईपर्यंत त्यात डासांची अंडी झालेली असतात.